वाद्यवृंदाकडून गिटारकडे : स्वतंत्र संगीताचे अर्थकारण

विल्यम बोमोल व विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या वाढत्या खर्चाचे कारण मांडले. यंत्रांमुळे कारखान्यातील उत्पादकता वाढते. परंतु चार वादकांसाठी लिहिलेल्या रचनेस आजही चारच वादक व तितकाच वेळ लागतो. वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढत जाते.

जपानी-अमेरिकी गायिका व गीतकार मित्स्की यांची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्क राज्यातील परचेस महाविद्यालयात त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. २०१३ चा त्यांचा दुसरा अल्बम तेथील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाला. पदवीनंतर हे साधन सहज उपलब्ध राहिले नाही. २०१४ चा तिसरा अल्बम गिटारप्रधान होता. त्यातील ध्वनीची खरखर ‘लो-फाय’ शैलीशी नाते सांगते. या शैलीत ध्वनिमुद्रणातील खडबडीतपणा झाकला जात नाही; त्यामुळे अल्प साधनांतही निर्मिती शक्य होते.

संगणकामुळे ध्वनिमुद्रणाचा खर्च घटला. मैफलीचे श्रम व प्रवास मात्र घटले नाहीत. म्हणूनच स्वामित्वधन महत्त्वाचे ठरते. भारतात कॉपीराइट (सुधारणा) अधिनियम, २०१२ नुसार, ध्वनिमुद्रणात समाविष्ट गीत-संगीताच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाट्यावर गीतकार व संगीतकार यांचा हक्क हस्तांतरणानंतरही कायम राहतो. कायदेशीर वारस वा कॉपीराइट संस्था यांखेरीज इतरांच्या नावे तो सोडता येत नाही.

सारांश, निर्मिती स्वस्त झाल्याने बाजारातील प्रवेश सुलभ होतो. उपजीविकेची शाश्वती मात्र हक्कांच्या संरक्षणातूनच लाभते.