भर दुपारचे छायाचित्र आणि गडद आकाश

प्रश्न : दिघ्यातील इलठणपाडा धरणावर भर दुपारी काढलेली, मागे डोंगर असलेली छायाचित्रे मोबाइलवर कृष्णधवल केली की फिकट राखाडी दिसतात. नाट्यमय परिणामासाठी सकाळ-संध्याकाळच हवी का?
– एक वाचक, दिघा

उत्तर : तशी अट नाही. रंग पुसला की कृष्णधवल चित्र तयार होते, हा समज अपुरा आहे. निळे आकाश व हिरवा डोंगर यांचे रंग वेगळे असले तरी उजळपणा पुष्कळदा जवळचा असतो, त्यामुळे रंग जाताच दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोम कड्याचे छायाचित्र घेताना भिंगापुढे लाल फिल्टर लावला, तो निळा प्रकाश अडवीत असल्याने आकाश जवळजवळ काळे उमटले. आज तेच काम संपादनात साधते: रंगीत प्रत जपून ठेवावी आणि प्रत्येक रंगाची राखाडी छटा ठरवणाऱ्या स्लायडरांपैकी निळा खाली, हिरवा व पिवळा किंचित वर न्यावा. मात्र निळा फार ओढल्यास आकाशात दाणे व पट्टे उमटतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसते. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पातळ्या असतात, तर १२ बिटांच्या रॉ (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये ४,०९६, म्हणून शक्य तेथे रॉ निवडावी. पावसाळी पांढऱ्या आभाळात निळा रंगच नसल्याने हा उपाय चालत नाही. तेथे ढगांपुरता कॉन्ट्रास्ट वाढवावा. छायाचित्र घेतानाच एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे, कारण पूर्ण पांढरा झालेला भाग कोणत्याही संपादनाने परत येत नाही.