ट्रायल रूम : मोजणी आणि मर्यादा

कॅश क्रेडिटची सवलत घेतलेल्या दुकानात बँकेचा अधिकारी ठरावीक काळाने मालतपासणीस जातो, हे आपल्या व्यापारी ग्राहकांना ठाऊक आहेच. दुकानदाराने दिलेले स्टॉक स्टेटमेंट हाती घ्यायचे, कपाटांतील माल प्रत्यक्ष मोजायचा आणि दोहोंतील फरक नोंदवायचा, असे या कामाचे स्वरूप. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका तयार कपड्यांच्या दुकानात अशाच एका तपासणीत मला कुर्त्यांमध्ये २३ नगांची तूट आढळली. दुकान लहान, पती-पत्नी मिळून चालवणारे, मदतीला दोन मुली. विक्रीची बिले व्यवस्थित, खरेदीच्या नोंदी बिनचूक. मग माल गेला कोठे? दुकानाच्या मालकीणबाईंना सारी वस्ती काकू म्हणते. त्यांनी कोपऱ्यातील पडदा लावलेल्या खोलीकडे बोट दाखविले. "मॅडम, आत चार कपडे जातात आणि बाहेर तीन येतात. आता लोकांना विचारायचं तरी कसं?"

काकूंचा हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्यात हिशेब आहे, कायदा आहे आणि माणसाच्या अब्रूचा भागही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा अभ्यास मांडला आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. ब्राह्मणपारा, तात्यापारा या जुन्या वस्त्यांमध्ये आजही मराठी कानावर पडते. येथील वडीलधारी मंडळी कापडखरेदीची जी रीत सांगतात तीत चोरीला फारसा वावच नव्हता. पांढऱ्या चादरीच्या गादीवर गिऱ्हाईक बसे, दुकानदार समोर बसून एकेक साडी उलगडे, नापसंत साड्यांची घडी नोकर तेथेच घाली. घडी घालणे हीच मोजणी होती आणि गिऱ्हाइकाला ती मोजणी आहे असे जाणवतही नसे. तयार कपडे आले आणि हे चित्र पालटले. माल हँगरवर लागला, तो गिऱ्हाइकाने स्वतः काढून घ्यावा अशी सोय झाली आणि मापाची खात्री करण्यासाठी दुकानातच बंद खोली आली. संपूर्ण दुकानात दुकानदाराची नजर जिथे पोहोचू शकत नाही, किंबहुना पोहोचताच कामा नये, अशी ही एकमेव जागा होय.

आता नुकसानीचा हिशेब पाहू. एक कुर्ती कर सोडून ६०० रुपयांना खरेदी केली आणि ८०० रुपयांना विकली असे समजा. वरकरणी नफा २०० रुपये. त्यातून जागेचे भाडे, पगार, वीज आणि आमच्या बँकेचे व्याज वजा जाता ४० रुपये हाती राहिले, तर लहान दुकानाच्या मानाने ते बरेच म्हणावे लागेल. ही कुर्ती चोरीला गेली तर ६०० रुपये तर बुडतातच. शिवाय केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(ह) अन्वये चोरीस गेलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ५ टक्के दराने ते ३० रुपये होतात. एकूण ६३०. हे भरून काढण्यास ४० रुपये नफ्याच्या सोळा कुर्त्या विकाव्या लागतात. तेवीस नगांचा गुणाकार वाचकांनीच करून पाहावा. काकूंनी तो माझ्यासमोर कॅल्क्युलेटरवर केला आणि कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवला.

बँकेच्या बाजूनेही परिणाम होतो. देणेकऱ्यांची रक्कम वजा करून उरलेल्या मालावर २५ टक्के मार्जिन धरले, तर पुस्तकात दिसणारा परंतु प्रत्यक्षात नसलेला ४०,००० रुपयांचा माल उचल मर्यादा ३०,००० रुपयांनी फुगवून दाखवितो. तपासणीत तूट निघाली की मर्यादा तेवढी खाली येते, आणि ती नेमकी सणासुदीच्या तोंडावर आली तर नव्या मालाची खरेदी अडते. म्हणून तूट दडवू नये, दर महिन्याला लिहावी, असे माझे व्यापारी ग्राहकांना आग्रहाचे सांगणे असते. सगळी तूट चोरीचीच असते असेही नाही. पुरवठादाराकडून कमी आलेले नग, चुकीचे माप बिलात लिहिणे, परत आलेला माल नोंदविण्यास विसरणे, क्वचित आतल्याच माणसाचा हात, हे सारे त्याच आकड्यात मिसळलेले असते.

विमा आहे ना, असे पुष्कळजण म्हणतात. दुकानाच्या घरफोडी विम्यात बहुधा बळजबरीने प्रवेश झाला असला पाहिजे अशी अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हाच अर्थ कायम केला: पॉलिसीच्या व्याख्येत बळाचा वापर आवश्यक म्हटला असेल, तर नुसत्या चोरीची भरपाई मागता येत नाही. भर दुकानातून पिशवीत गेलेल्या कुर्तीला कुलूप तोडावे लागत नाही. सबब आपली पॉलिसी एकदा वाचून पाहावी.

एवढे नुकसान सोसणारा माणूस चिडला तर नवल नाही, आणि चिडलेला माणूस चूक करतो. त्या तपासणीनंतर काही महिन्यांनी याच दुकानात एक महाविद्यालयीन मुलगी चार कुर्त्या घेऊन आत गेली आणि तीन घेऊन बाहेर आली. मदतनीस मुलीने तिला अडविले, शब्दाने शब्द वाढला आणि इतर गिऱ्हाइकांसमोर तिची पिशवी काउंटरवर उपडी करण्यात आली. वही, डबा, रुमाल, औषधाची पट्टी. कुर्ती नव्हतीच. ती सापडली संध्याकाळी: एकाच हँगरवर दोन कुर्त्या, एकीच्या आत दुसरी. मुलगी त्याच गल्लीतली, तिची आत्या काकूंच्या भिशीतली. काका-काकू दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन क्षमा मागून आले. चहा मिळाला, पण त्या घरची दिवाळीची आणि त्यानंतरच्या लग्नाची खरेदी पंडरीच्या कापड बाजारात झाली.

संशय आल्यास दुकानदाराला नेमके काय करता येते? काही देशांत वाजवी संशयावरून गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवून ठेवण्याची मुभा दुकानदारास कायद्याने दिली आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी असा वेगळा अधिकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य नागरिकही एखाद्यास पकडू शकतो, परंतु गुन्हा त्याच्या उपस्थितीत घडलेला असावा, तो दखलपात्र व अजामीनपात्र असावा आणि पकडलेल्या व्यक्तीस विनाविलंब, अधिकाधिक सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. बंद दाराआड काय घडले हे कोणीच पाहिलेले नसते, म्हणजे पहिल्याच अटीपाशी गाडी अडते. शिवाय पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ही लहान चोरी अदखलपात्र व जामीनपात्र गणली जाते. आठशे रुपयांच्या कुर्तीसाठी कोणाला मागच्या गोदामात कोंडून ठेवले, तर उलट कलम १२७ खाली दुकानदारच आरोपी होऊ शकतो.

अंगझडतीचा अधिकार दुकानाला नाहीच. अटक झालेल्या व्यक्तीची झडती पोलीस घेतात आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावी, असे कायदा स्पष्ट म्हणतो. जो निर्बंध पोलिसांवर आहे तो विक्रेत्यावर नाही असे कसे म्हणता येईल? गिऱ्हाइकाने स्वखुशीने पिशवी दाखविली तर गोष्ट वेगळी, पण ती आतल्या बाजूला, शांतपणे आणि स्त्री असल्यास स्त्री कर्मचाऱ्यासमक्ष.

कॅमेऱ्याचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. ३ एप्रिल २०१५ रोजी गोव्यात कांदोळी येथील फॅबइंडियाच्या दुकानात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांना एका कॅमेऱ्याचा रोख ट्रायल रूमकडे असल्याचे आढळले. पोलिसांत तक्रार झाली, दुकानातील काही कर्मचाऱ्यांना अटक झाली व पुढे जामीन मिळाला. कॅमेरा लपविलेला नव्हता, तो खरेदीच्या भागावर देखरेखीसाठी होता, अशी कंपनीची भूमिका होती. या प्रकरणात कोण दोषी, याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. दुकानदाराने घ्यायचा बोध तांत्रिक आहे: कॅमेरा कोठे बसविला आहे एवढेच पाहून भागत नाही, पडद्यावर काय दिसते ते पाहावे लागते. खोलीच्या भिंती छतापर्यंत नसतील किंवा वर झरोका असेल, तर बाहेरच्या कॅमेऱ्यालाही आतले दिसू शकते. समोरच्या आरशातूनही दिसू शकते. स्त्रीला खासगी क्षणी पाहणे वा टिपणे हा २०१३ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये असून पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे कारावास आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई तर स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देते. चोर पकडण्यासाठी लावला होता, हा बचाव येथे उपयोगाचा नाही.

मग काकूंनी काय करावे? ह्याचे उत्तर मला आमच्याच शाखेत सापडले. रोखपाल नोटा ग्राहकासमोर मोजतो आणि ग्राहकही काउंटर सोडण्यापूर्वी मोजतो. कोणी कोणावर संशय घेतला असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण मोजणी प्रत्येकाची होते. लॉकरचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकानुसार लॉकर-कक्षाच्या प्रवेशद्वारावर, निर्गमनद्वारावर व सामाईक जागेत कॅमेरे असतात, त्यांचे चित्रण किमान १८० दिवस जपावे लागते. तथापि ग्राहक लॉकर उघडताना त्याला पुरेसा एकांत देणे हेही बँकेचेच कर्तव्य सांगितले आहे. पहारा दाराशी, आत एकांत.

दुकानात याचा अर्थ असा, की जाताना कपडे मोजून तेवढ्या अंकाचा बिल्ला द्यावा आणि येताना बिल्ल्यासह कपडे परत घ्यावेत. एका वेळी तीन किंवा चार नग ही मर्यादा दारावर ठळक लिहावी, आणि ती नगरसेविकेलाही तितकीच लागू असावी. मोजताना हँगर नव्हे, कपडे मोजावेत (काकूंच्या दुकानात घोटाळा येथेच झाला होता). आत खुंट्या मर्यादेइतक्याच ठेवाव्यात. फळी, पेटी, आरशामागची पोकळी असे काही नसावे. दाराखाली वीतभर जागा सोडावी. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खोली रिकामी करावी. तुटलेली किंमतचिठ्ठी सापडलीच, तर ती कोणत्या मालाची होती ते वहीत लिहून ठेवावे. पण मला सर्वांत उपयोगी वाटते ती एक अगदी घरगुती गोष्ट: दाराशी एक माणूस असावे आणि त्याने बाहेर येणाऱ्याला "माप बसलं का? दुसरं आणून देऊ?" असे विचारून नको असलेले कपडे हातात घ्यावेत. प्रामाणिक गिऱ्हाइकाला ही सेवा वाटते. अप्रामाणिक माणसाला मात्र आपल्याकडे लक्ष आहे हे बरोबर कळते. जुना दुकानदार घडी घालताना हेच करीत असे.

मोठ्या दुकानांतील विद्युत खुणा, म्हणजे कपड्याला लावलेले टणक टॅग आणि दाराशी उभे खांब, ही तर सर्वांनी पाहिलेली असतात. त्यांत दोन पद्धती विशेष रूढ आहेत, एक ८.२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींची आणि दुसरी ५८ किलोहर्ट्झच्या चुंबकीय कंपनांची. खांबांमधील क्षेत्रात टॅग आला की तो प्रतिसाद देतो आणि भोंगा वाजतो. मात्र भोंगा वाजला म्हणजे चोरी झाली असे नाही. बिल करणाऱ्याने टॅग काढण्यास विसरणे हे कारण बरेचदा असते. म्हणून भोंगा वाजताच "थांबा!" न ओरडता "आमच्याकडून टॅग राहिला असावा, बिल दाखवता का?" असे म्हणण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावावी. लहान दुकानाने ही यंत्रणा कर्ज काढून घ्यावी का, असे मला विचारले जाते. वर्षभराच्या तुटीचा आकडा वहीत असल्याखेरीज मी त्यावर मत देत नाही.

काकूंनी पत्र्याचे बिल्ले करून घेतले, १ ते ४. पडद्याच्या जागी लाकडी दार आले. गेल्या तपासणीत तूट ७ नगांची निघाली. त्यांतील ४ नग मध्यम मापाचे मोठ्या मापात लिहिले गेल्याचे आम्ही दोघींनी बसून शोधून काढले आणि ३ नगांची नोंद तूट म्हणून अहवालात केली. त्या मुलीची आई आता पुन्हा दुकानात येऊ लागली आहे. ती मुलीसाठी अंदाजाने माप घेते आणि घरी नेऊन दाखविते. नको असेल ते दुसऱ्या दिवशी परत येते, आणि काकू ते बिल न पाहता बदलून देतात.