इंजिन गाडीत बसवण्याआधी : चाचणीचा स्टँड घरच्या घरी

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतून प्रवासी घेऊन धावणाऱ्या जीपचे इंजिनचे काम निघाले की मालकाचे हातपाय गळतात. लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँकचे ग्राइंडिंग, बेअरिंग, हेडचे काम असा खर्च वाढत जातो. तेवढे दिवस गाडी उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. एवढे करून इंजिन गाडीत बसवावे, सेल्फ मारावा आणि मागच्या ऑइल सीलमधून तेल टपकू लागावे, म्हणजे गिअरबॉक्ससह सारे पुन्हा खाली. दुसऱ्यांदा काढण्या-बसवण्याची मजुरी कोणी द्यायची यावर वाद होतो आणि तो वाद बहुधा गॅरेजातल्या सर्वांत नवख्या पोरावर येऊन थांबतो. आपल्या जिल्ह्यातील गोंड, हलबा समाजाची जी मुले आयटीआय करून हाताखाली कामाला लागली आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. मिस्त्रीचा एकदा विश्वास उडाला की त्या मुलाच्या हाती पुढे फक्त पाने धुण्याचे काम येते.

म्हणून या अंकाचा पाठ एका लोखंडी सांगाड्यावर आहे. दुरुस्त केलेले इंजिन गाडीबाहेरच सुरू करून, ऐकून, पाहून मगच बसवता यावे, यासाठीचा हा स्टँड. वाचकांपैकी अनेकांनी इंजिन आतून पाहिलेले नसेल. पण ज्यांच्या घरचा मुलगा किंवा पुतण्या गॅरेजात आहे, त्यांनी हा लेख त्याला वाचून दाखवावा.

कल्पना नवी नाही. भातगिरण्यांमुळे आपल्या भागाला ऑइल इंजिनची ओळख जुनी आहे. ही इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. इंजिन कारखान्यांत तयार इंजिन आधी चाचणीच्या ओट्यावर चालवून पाहतात आणि मगच पुढे पाठवतात. पुण्यातच १९६६ पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये डायनामोमीटर लावून इंजिनावर भार टाकला जातो, ताकद आणि धूर मोजला जातो. तेवढे आपल्याला नको आणि परवडणारही नाही. आपले प्रश्न चारच आहेत : तेलाचा दाब येतो का, पाणी जागेवर राहते का, कुठे गळते का, आवाज कसला येतो.

आधी एक गोंधळ दूर करू. गॅरेजात इंजिन उघडायला जो एका खांबाचा, गोल फिरणारा स्टँड असतो, त्यावर इंजिन कधीही सुरू करू नये. तो ब्लॉकच्या मागच्या बाजूला चार बोल्टांनी धरतो, म्हणजे फ्लायव्हील आणि सेल्फच्या जागाच अडतात. शिवाय सारे वजन एका टोकाला लोंबत असते. चालते इंजिन थरथरते, आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दिला की ब्लॉक क्रँकच्या उलट दिशेला कलंडू पाहतो. चालवण्याचा स्टँड बसका आणि रुंद हवा.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग भंगारातून जातो. मोडीत निघालेल्या त्याच जातीच्या जीपच्या चेसिसचा पुढचा भाग, रेडिएटरपासून गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीपर्यंत, कापून घ्यावा. फाउंडेशनच्या जागा कंपनीनेच मोजून दिलेल्या असतात. आपल्याला मापे काढत बसावे लागत नाही. कुडव्यासारख्या, गोंदिया शहराला लागून असलेल्या ठिकाणी भंगारवाला, वेल्डिंगवाला आणि लेथवाला एका फेरीत गाठता येतात, ही सोय चिचगडच्या मुलाला नाही. चेसिस मिळाली नाही तर ७५ बाय ४० मिलिमीटरचा चॅनेल घेऊन साधारण चार फूट लांब, तीन फूट रुंद चौकट करावी. तिच्यावर दोन उभे पाय इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनसाठी, आणि मागे एक आडवी पट्टी. प्रत्येक पायाला तिरका आधार द्यावा, कारण नुसत्या उभ्या वेल्डिंगला थरथरीने चीर जाते. फाउंडेशनचे रबर गाडीतलेच वापरावे. लोखंडावर लोखंड कसले की सगळा सांगाडा घणघणतो आणि त्या गोंगाटात बेअरिंगचा ठोका ऐकूच येत नाही.

मागच्या बाजूचा विचार नीट करावा लागतो. बऱ्याच गाड्यांत सेल्फ गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कव्हरला, म्हणजे बेल हाउसिंगला, बसतो. मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन यासाठी उदाहरण म्हणून घ्या. तिथे भंगारातल्या गिअरबॉक्सचे तेवढे कव्हर कापून कायमचे स्टँडला ठेवावे. अख्खा गिअरबॉक्स जोडूनही चालते. मात्र न्यूट्रल आहे याची खात्री करावी आणि त्यात तेल घालावे. इंजिनच्या काळजीत गिअरबॉक्स कोरडा फिरवायचा नाही.

चाके लावायची तर सहा इंची लावा, पण चाचणीच्या वेळी चौकट चाकांवर नको. चारही कोपऱ्यांना नट वेल्ड करून लांब बोल्टांचे पाय करावे आणि ते खाली उतरवून चाके जमिनीपासून सुटी करावी.

रेडिएटर पुढे, त्याची वरची टाकी इंजिनातल्या पाण्याच्या सर्वांत उंच जागेपेक्षा वर. हे चुकले तर हेडमध्ये हवा अडकते, मीटर थंड दाखवतो आणि हेड मात्र तापत राहते. पंख्याभोवती जाळी हवीच. बॅटरी १२ व्होल्टची, इंजिनापासून दूर, आणि अर्थिंगची जाड केबल सांगाड्याला नव्हे तर थेट ब्लॉकला कसलेली. एका पत्र्यावर किल्ली, चार्जिंगचा दिवा, पाण्याच्या तापमानाचा मीटर आणि ऑइल प्रेशरचा मीटर. हा शेवटचा विजेचा नको, नळीने थेट दाब दाखवणारा घ्यावा. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी त्याचा जोड बसतो. सगळ्या खर्चात काटकसर करा, या मीटरमध्ये करू नका.

इंधनाची टाकी पाच लिटरची पुरे. ती सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला ठेवावी. डिझेलची परतीची नळी टाकीतच सोडावी, बाटलीत नव्हे.

आता ज्या तीन गोष्टींनी माणूस मरू शकतो त्या. पहिली, पेट्रोल इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शटर अर्धे ओढून काम करण्याची सवय आहे. ती इथे जीव घेते. सायलेन्सरचे तोंड पाइपाने शेडच्या बाहेर न्यावे आणि दारे उघडी ठेवावी, मग पाऊस आत आला तरी चालेल. दुसरी, आग. कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये, ती पसरते.

तिसरी गोष्ट डिझेल मिस्त्रींनाही अनेकदा अचानक भेटते. इंजिन बेफाम पळू लागते, स्टॉपची दोरी ओढूनही थांबत नाही. कारण ते पंपाच्या डिझेलवर नाही, तर रिंगांमधून किंवा टर्बोच्या सीलमधून वर आलेल्या स्वतःच्याच तेलावर चालत असते, आणि फेऱ्या वाढत जाऊन कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. अशा वेळी इंधन बंद करणे उपयोगाचे नाही, हवा बंद करावी लागते. हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड लाकडी फळी साखळीने स्टँडला बांधून ठेवावी. हात लावू नये, फडके तर मुळीच नाही. ते आत ओढले जाते. फळी बसवण्याचा सराव इंजिन बंद असताना दोनदा करून घ्यावा.

सुरू करण्यापूर्वी तेल भरून, पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढून, डिझेल असेल तर स्टॉप ओढून धरून, सेल्फने दहा-दहा सेकंद फिरवावे. मध्ये सेल्फला थंड होऊ द्यावे. मीटरचा काटा हलला म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचले. काटा हलेपर्यंत इंजिन पेटवायचे नाही, मालक समोर उभा राहून कितीही घाई करो. डिझेलची एअर फिल्टरपासून काढत नोझलपर्यंत यावे. नोझलच्या तोंडाशी बोट नेऊ नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावे लागते.

इंजिन लागले की पहिल्या मिनिटात नजर दाबावर. त्यानंतर फेऱ्या १,५०० ते २,००० च्या आसपास, थोड्या वरखाली करत वीस मिनिटे. नवा कॅम किंवा टॅपेट असेल तर सुरुवातीलाच आयडलवर सोडू नये. त्या वेगात कॅमवर तेल पुरेसे उडत नाही. गरम झाल्यावर दाबाचा जुना ठोकताळा हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पौंड. कंपनीच्या पुस्तकात वेगळे असेल तर पुस्तक खरे. पाणी ८० ते ९० अंशांवर स्थिरावले पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर राहिलाच तर पाणी आत जाते आहे किंवा डिझेल न जळता येते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त. तेलाचे झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन पाहावे. नव्या रिंगा पहिल्या वीस मिनिटांत पूर्ण बसत नाहीत, म्हणून थोडा धूर दिसला की लगेच इंजिन उघडायला घेऊ नये.

इथे एका प्रचलित समजुतीला माझा विरोध आहे. ‘रात्रभर आयडलवर चालू दे, मोकळे होईल,’ असे पुष्कळ जण सांगतात. रिंगा लायनरवर बसतात त्या भाराखाली, वरच्या वायूच्या दाबाने बाहेर रेटल्या जाऊन. भार नसताना तासन्‌तास चालवले तर होनिंगच्या बारीक रेघा गुळगुळीत होऊन लायनर काचेसारखा तकतकीत होतो, तेल वर येतच राहते, आणि मग सगळे पुन्हा उघडा. आपल्या स्टँडला भार देता येत नाही, म्हणून त्यावरचा वेळ अर्ध्या तासात संपवावा.

इंजिन थंड झाल्यावर टॅपेट तपासावेत. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे की नाही हे गॅस्केटच्या जातीवर आहे, तेव्हा पुस्तक पाहावे. तेल आणि फिल्टर बदलून जुना फिल्टर कापून उघडावा. बारीक करडी भुकटी चालते. चमकते तुकडे दिसले तर इंजिन गाडीत जाणार नाही. दाब, तापमान, गळती, वेळ हे सारे वहीत तारखेनिशी लिहून मालकाची सही घ्यावी. उद्या वाद झाला तर पोराच्या बाजूने बोलायला तेवढीच वही असते.

गाडी नेताना चालकाला सांगून ठेवावे : पहिले हजार किलोमीटर जादा प्रवासी नकोत, पण गाडी नुसती रिकामी, एकाच वेगातही चालवू नये. वेग कमीजास्त करत, बेताच्या भाराने चालवावी, रोज सकाळी तेलाची काडी पाहावी आणि पाचशे किलोमीटरला तेल बदलायला परत यावे.