अबोल, ध्येयवेडी मुले आणि त्यांचे करिअर



दहावी-बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच प्रश्न ऐकू येतो, "मग, पुढे काय?" चुणचुणीत, बोलकी मुले पटकन उत्तर देतात. काही मुले मात्र खाली बघतात आणि त्यांच्या वतीने आईच बोलते, "अहो, हा काही बोलतच नाही. याचं कसं होणार, तेच कळत नाही."

आजचा लेख या न बोलणाऱ्या मुलांविषयी आहे. लेखाची सुरुवात आम्ही आमच्या एका चुकीपासून करणार आहोत.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या मार्गदर्शन गटाकडे एक तरुण आला होता. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर होता आणि गुणही चांगले होते. युवक मंडळात तो कधी स्टेजवर गेला नाही, पण नाताळची नाटिका दरवर्षी तोच लिहायचा. "लोकांच्या उपयोगी पडेल असं काही करायचं आहे," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला काय सांगितले? "जरा स्मार्ट हो. चार लोकांत मिसळ. मार्केटिंगला जा, म्हणजे भीड चेपेल."

तो गेला. रोज विरारची लोकल पकडायची, दिवसभर अनोळखी माणसांना फोन करायचे, संध्याकाळी साहेबांना टार्गेटचा हिशेब द्यायचा. ज्यांना गरज नाही अशा माणसांच्या गळ्यात कर्ज मारावे लागते, हे त्याच्या मनाला फार लागे. चौदा महिन्यांनी त्याने नोकरी सोडली आणि पुढचे पाच महिने तो घरातच बसून होता. वडिलांनी त्याच्याबरोबर जेवायला बसणे बंद केले. "शिकवलं-सवरलं ते यासाठी का?" हा त्यांचा प्रश्न होता.

मुलगा आळशी नव्हता आणि वडीलही वाईट नव्हते. चूक आमच्या सल्ल्यात होती. त्याच्या स्वभावाला आम्ही रोग समजलो आणि नोकरीला औषध. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

स्वभावाचे गट : ही कल्पना आली कोठून?

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द मानसशास्त्रात रुजवले ते स्वित्झर्लंडचे कार्ल युंग यांनी. त्यांचा 'मानसिक प्रकार' हा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी एक प्रश्नावली तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीवर जाऊ लागल्या होत्या. कोणाला कोणते काम मानवेल हे समजावे, हा इझाबेल यांचा एक हेतू होता. या प्रश्नावलीत चार गोष्टी पाहतात :

१. मनाला उभारी कशाने येते? माणसांच्या सहवासाने की एकांताने?
२. लक्ष आधी कोठे जाते? समोरच्या तपशिलाकडे की त्यामागच्या अर्थाकडे?
३. निर्णय कशावर घेतो? तर्कावर की आपल्या मूल्यांवर आणि माणसांवर?
४. जगणे कसे आवडते? सगळे आधी ठरवून की थोडे मोकळे ठेवून?

या चार उत्तरांच्या जोडण्यांतून १६ गट होतात. एकांतात रमणारा, अर्थ शोधणारा, मूल्यांवर निर्णय घेणारा आणि मोकळेपणा जपणारा, असा त्यातला एक गट आहे. त्यालाच आपण अबोल, ध्येयवेडा म्हणू. इझाबेल यांचे पुस्तक १९८० साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी शीर्षक संत पौलाच्या रोमकरांस पत्रातून, बाराव्या अध्यायातून घेतलेले आहे. एका शरीराला अनेक अवयव असतात, प्रत्येकाचे काम निराळे असते आणि प्रत्येकाला मिळालेले दानही निराळे असते, असा तो उतारा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

मात्र एक इशारा द्यायलाच हवा. या प्रश्नावलीवर मानसशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली आहे. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवली तर पुष्कळांचा गट बदलतो. शिवाय बहुतेक माणसे पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख नसतात, मधे कोठेतरी असतात. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही प्रश्नावली वापरू नये, असे ती काढणारी संस्थाही सांगते. तेव्हा तिच्याकडे आरशासारखे पाहावे. आरशात बघून केस नीट करता येतात, पण आरसा आपल्याला कोठे जायचे ते सांगत नाही.

बोलू न शकलेले बॅरिस्टर

या स्वभावाचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन लंडनहून परतले. त्यांना कोणी प्रश्नावली दिली नव्हती, म्हणून त्यांच्यावर आम्ही कोणत्याही गटाचे लेबल लावत नाही. पण आपल्या लाजाळूपणाविषयी त्यांनी 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या समितीत त्यांना आपले म्हणणे बोलता येईना. त्यांनी ते लिहून आणले आणि दुसऱ्याने वाचून दाखवले.

मुंबईत त्यांनी वकिली सुरू केली. स्मॉल कॉजेस कोर्टातला पहिला खटला होता, फी ३० रुपये. साक्षीदाराला प्रश्न विचारायला ते उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोके गरगरू लागले. खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगून, फी परत करून ते कोर्टातून निघून गेले. मग एका हायस्कुलात रोज एक तास इंग्रजी शिकवण्याच्या, ७५ रुपये पगाराच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. ते पदवीधर नाहीत म्हणून ती जागाही मिळाली नाही.

राजकोटला परतल्यावर ते लोकांचे अर्ज आणि निवेदने लिहून देऊ लागले. लेखी कामात त्यांना महिन्याला सरासरी ३०० रुपये मिळू लागले. १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते एका वर्षाच्या कराराने, १०५ पौंडांवर दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे त्यांनी खटल्याची कागदपत्रे आणि हिशेबाच्या वह्या बारकाईने वाचल्या. खटला लांबला तर दोन्ही पक्ष, जे एकमेकांचे नातलगही होते, बुडतील हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी दोघांना लवादापुढे जायला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर, हरलेल्याचे दिवाळे निघू नये म्हणून पैसे हप्त्याने घ्यायलाही त्यांनी दादा अब्दुल्लांना तयार केले. भांडणाऱ्यांना एकत्र आणणे हेच वकिलाचे खरे काम, अशी त्यांची खात्री झाली.

आपल्यासाठी यातला धडा असा. गांधीजींनी व्यवसाय बदलला नाही, त्याच व्यवसायातला आपल्याला मानवणारा कोपरा शोधला. उलटतपासणीत घाबरलेला माणूस लेखी कामात, अभ्यासात आणि तडजोडीत पक्का ठरला. आणि मनापासून पटलेल्या कामासाठी पुढे त्यांना हजारो लोकांसमोर बोलताही आले.

क्षेत्र विचारू नका, दिवस विचारा

आपण मुलांना विचारतो, "कोणत्या क्षेत्रात जाणार?" त्याऐवजी विचारावे, "त्या कामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करावे लागते?" एकाच क्षेत्रात निरनिराळे दिवस असतात. साठ मुलांच्या वर्गाला शिकवणारा शिक्षक आणि एका मतिमंद मुलाजवळ बसून त्याला अक्षर गिरवायला शिकवणारा विशेष शिक्षक, दोघेही शिक्षकच. दवाखान्यात रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर, दोघेही डॉक्टरच.

कोणत्याही कामाविषयी हे चार प्रश्न वहीत लिहावेत :

१. दिवसातून किती अनोळखी माणसांशी बोलावे लागेल? एकेकाशी की घोळक्याशी?
२. सलग दोन तास शांतपणे काम करायला मिळेल का?
३. या कामाने कोणाचे भले होते, हे मला दिसेल का?
४. या पगारात घर चालेल का?

चौथा प्रश्न मुद्दाम घातला आहे. ध्येयवेडी मुले तो विसरतात आणि आई-वडील फक्त तोच लक्षात ठेवतात. दोघांनी मिळून चारही प्रश्न सोडवावेत.

या स्वभावाला मानवतील अशी कामे पुष्कळ आहेत : ग्रंथपाल, अनुवाद, संपादन आणि मुद्रितशोधन, समाजकार्य, समुपदेशन, वाचा-उपचार, विशेष शिक्षण, प्रयोगशाळेतील काम, संशोधन, संगणक प्रणाली लिहिणे. समाजकार्याच्या शिक्षणासाठी मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तसेच १९५५ पासूनचे निर्मला निकेतन महाविद्यालय आहे. श्रवण आणि वाचा यांच्याशी संबंधित शिक्षणासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. विशेष शिक्षक होण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करावा लागतो. फी भरण्यापूर्वी ती मान्यता आहे की नाही, हे जरूर तपासावे.

मुलांनो, तुमच्यासाठी

तुमच्या स्वभावात बळ आहे तसे काही खड्डेही आहेत. ते ओळखून ठेवा.

*अगदी मनासारख्या कामाची वाट पाहत बसणे.* असे काम कोठेही नसते. समाजसेवी संस्थेतही हिशेब, अहवाल आणि रुसवेफुगवे असतातच. दहातल्या सहा गोष्टी जुळल्या तर काम चांगले म्हणा.

*नाही म्हणता न येणे.* लोक तुमच्यावर काम टाकत जातात, तुम्ही मुकाट्याने करता आणि एक दिवस अचानक राजीनामा देता. त्रास होतो तेव्हाच, शांतपणे सांगा. तोंडी जमत नसेल तर चिठ्ठी लिहा.

*टीका मनाला लावून घेणे.* साहेबांनी कागद परत केला म्हणजे तुम्हाला नाकारले, असे होत नाही.

नोकरी सोडण्याआधी दुसरे काम चाखून पाहा. सुट्टीत चार-पाच दिवस त्या व्यवसायातल्या माणसाबरोबर राहा. मुलाखतीला जाताना आपल्या कामाच्या तीन घटना आधी लिहून, मोठ्याने वाचून जा. गटचर्चेत सुरुवातीलाच एक वाक्य बोलून टाका. उशीर केला की बोलणे अधिक अवघड होते. थोडे बोलायला शिकणे ही कला आहे, सायकलसारखी. ती शिकल्याने स्वभाव बदलत नाही.

आणि कधी पोटासाठी एक काम आणि मनासाठी दुसरे, असेही करावे लागते. त्यात कमीपणा नाही. नोकरी करून रविवारी मुलांना शिकवणारे किती तरी जण आपल्या धर्मग्रामातच आहेत.

आई-वडिलांनो, तुमच्यासाठी

पाहुण्यांसमोर "आमचा घुम्या आहे" असे म्हणू नका. मूल ते हसून ऐकते, पण विसरत नाही. शेजारच्या बोलक्या मुलाशी तुलना करू नका. प्रश्न विचारला तर उत्तरासाठी थांबा. अशी मुले विचार करून बोलतात आणि ताटावर बसून बोलण्यापेक्षा बरोबर चालताना किंवा बागेत काम करताना लवकर मोकळी होतात.

शांत स्वभाव आणि आजार यांतला फरकही ओळखा. जो मुलगा पूर्वीपासून अबोल आहे पण खातो, झोपतो, आपल्या आवडीत रमतो, त्याची काळजी नको. पण हसते-खेळते मूल एकाएकी गप्प झाले, झोप उडाली, जेवण तुटले, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या आणि असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांकडे न्या. जगण्याचा कंटाळा आल्याचे ते बोलले, तर एक दिवसही थांबू नका. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

त्या मुलाचे काय झाले?

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि आधी त्याच्या वडिलांसमोर आमची चूक कबूल केली. मग त्याच्याबरोबर बसून वरचे चार प्रश्न सोडवले. ओळखीतून कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत कार्यालयातले काम मिळाले. दुपारी तो मुलांजवळ बसू लागला. खुणांची भाषा तो इतक्या लवकर शिकला की मुख्याध्यापिकांनीच त्याला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करायला लावला. आज तो तेथेच शिकवतो. पगार आधीच्या नोकरीपेक्षा कमी आहे, हे लपवत नाही. घराचे कर्ज फेडताना त्या कुटुंबाला ओढाताण होते, आणि वडिलांची काळजी पुरती गेलेली नाही.

पण मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमाला वडील गेले होते. मुलांनी एक नाटिका केली, शब्दांशिवाय. लिहिली होती त्यांच्या मुलाने. परत येताना ते आम्हाला एवढेच म्हणाले, "तिथे तो बोलत होता हो, हातांनी. मी त्याला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं."

हे लिहायला त्या दोघांनीही संमती दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरात सर्वात कमी बोलणारी व्यक्ती कोण? तिला कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही?
२. आपण मुलांना दिलेला एखादा सल्ला चुकला होता का? तसे त्यांना सांगितले का?
३. आपल्या व्यवसायातला पूर्ण दिवस पाहायला एखाद्या तरुणाला आपण बरोबर न्याल का? तयार असाल तर पुढच्या रविवारी आपले नाव आमच्याकडे द्या.

— करिअर मार्गदर्शन गट