पुस्तकाचंही कर्ज घेऊया



माझ्या लहानपणी आमच्या घरात छापलेलं असं काय होतं? भिंतीवरचं कॅलेंडर, रेशन कार्ड आणि माझी शाळेची पुस्तकं. आईला वाचता येत नव्हतं. पण भाकऱ्या थापताना ती मला चुलीपाशी बसवायची. "वाच मोठ्यानं." मी मधलीच ओळ गाळली की तिला बरोबर कळायचं. "हे काही जुळलं नाही, परत वाच." माझं वाचन तिथंच सुधारलं.

बैठकीत तुम्ही म्हणता, "आम्हीच अडाणी, पोरांना काय शिकवणार?" ताई, शिकवू नका. नुसतं ऐका.

सातारा जिल्ह्यातलं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ साली ते 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी पुस्तकांसाठी आपल्या घरात जागा दिली. आपल्याला एक पेटी तर नक्की जमेल.

हे करून बघा :

१. रोज दहा मिनिटं मूल मोठ्यानं वाचेल, आपण ऐकायचं. त्या वेळी मुलीला भांड्यांना बसवायचं नाही.

२. गटात थोडी वर्गणी काढून गोष्टीची पुस्तकं घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून मुलांसाठीच निघतं, तेही चालेल.

३. बैठकीत पुस्तक न्यायचं, पुढच्या बैठकीत परत. कर्जासारखी वहीत नोंद करा. व्याज एकच : मुलानं आईला त्यातली एक गोष्ट सांगायची.

पुढच्या बैठकीत ठराव घ्या. मी आले की वही बघणार आहे!