आंतरराष्ट्रीय संघटना आणि नागरी समाज : सल्ल्यापासून तक्रारीच्या हक्कापर्यंत

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे उपस्थित होते. जोशी हे नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांनी समाजसेवेचे काम उभे केले होते. परंतु कोणत्याही कामगार संघटनेने त्यांची निवड केलेली नव्हती. त्यांना पाठविले होते ते सरकारने, कारण देशपातळीवर कामगारांची मध्यवर्ती संघटनाच अस्तित्वात नव्हती. श्रम संघटनेच्या घटनेप्रमाणे मात्र कामगारांचा प्रतिनिधी हा त्या देशातील सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने ठरावयास हवा होता. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्यामागे गिरण्यांतील असंतोष होता, संप होते, राष्ट्रीय चळवळ होती. पण जिनीव्हाला कोणाला पाठवावयाचे, हा प्रश्नही त्यामागे होता.

हे उदाहरण प्रारंभीच देण्याचे कारण असे की, आंतरराष्ट्रीय आंतरशासकीय संघटना आणि नागरी समाज यांच्या संबंधांचा विचार करताना आपण बहुधा एकाच दिशेने पाहतो. स्वयंसेवी संस्था या जागतिक संघटनांवर दबाव आणतात, एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात त्या संघटनांचे नियमही देशातील संघटनांना घडवीत असतात. कोणाला आत घ्यावयाचे, कोणत्या नात्याने घ्यावयाचे आणि आत आल्यावर त्याने काय करावयाचे, हे नियम ठरवितात. या नियमांचे आजवर तीन प्रमुख नमुने दिसतात. श्रम संघटनेने कामगार आणि मालक यांना मतदानाचा अधिकार दिला. प्रत्येक सदस्य देशाचे चार प्रतिनिधी, त्यांपैकी दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. हा नमुना शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला, परंतु अन्य कोणत्याही मोठ्या आंतरशासकीय संघटनेने तो स्वीकारला नाही. दुसरा नमुना सल्लामसलतीचा आणि तिसरा तक्रारीचा. प्रस्तुत लेखाचा भर या शेवटच्या नमुन्यावर आहे. त्याची मुळे नर्मदेच्या काठी आहेत, हे त्याचे एक कारण होय.

सल्लागाराचा दर्जा

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील ७१ व्या कलमाने आर्थिक व सामाजिक परिषदेला बिगर-सरकारी संघटनांशी सल्लामसलत करण्याची व्यवस्था उभारण्याची मुभा दिली. मुभा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कलमात बंधन नाही. १९९६ च्या ठरावानुसार आज या संघटनांचे सर्वसाधारण, विशेष आणि नोंदसूची असे तीन वर्ग आहेत. १९४६ मध्ये सल्लागार दर्जा असलेल्या संघटनांची संख्या चाळिसाच्या आसपास होती, ती आता सहा हजारांवर गेली आहे. १९९२ च्या रिओ परिषदेने महिला, शेतकरी, आदिवासी, कामगार, उद्योग अशा नऊ प्रमुख गटांना मान्यता देऊन या सहभागाला आणखी विस्तार दिला.

संख्येच्या या वाढीवरून प्रभावाचे अनुमान काढणे मात्र धोक्याचे आहे. दर्जा कोणाला द्यावयाचा याची शिफारस १९ देशांची एक समिती करते, आणि समितीतील कोणताही सदस्य अर्जदार संघटनेला लेखी प्रश्न विचारू शकतो. उत्तर आले की नवा प्रश्न, आणि तोवर अर्ज पुढील बैठकीकडे ढकलला जातो. जातिभेदाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलित ऐक्य जाळ्याने २००८ मध्ये अर्ज केला होता. त्याला दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२२ मध्ये, परिषदेतील मतदानानंतर. दरम्यानचे प्रश्न प्रामुख्याने भारताच्या प्रतिनिधींनी उपस्थित केले होते. आपली भूमिका समजण्यासारखी नाही असे नाही. देशाच्या अंतर्गत सामाजिक प्रश्नाची चर्चा परदेशी व्यासपीठावर कोणी आणि कोणत्या आधारावर करावी, अशी शंका सरकारला येऊ शकते. परंतु चौदा वर्षे हे शंकानिरसन नव्हे, नकारच होय, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. सल्लागार दर्जाची मर्यादा येथेच उघड होते. ज्याच्याविषयी बोलावयाचे, त्याच्याच हाती दाराची किल्ली असते.

नर्मदेच्या काठी

तिसरा नमुना कोणत्याही सनदेतून आलेला नाही. जागतिक बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. नर्मदा पाणीतंटा लवादाचा १९७९ चा निवाडा त्यापूर्वीच आला होता व त्यात जमीनधारक विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याची तरतूद होती. कागदावर ही तरतूद त्या काळातील अन्य प्रकल्पांच्या तुलनेत उदार म्हणावी लागेल. अडचण होती ती जमीन कोठे आहे ही, आणि ज्यांच्या नावे सातबारा नाही, जे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आले, त्यांचे काय ही. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा वस्ती, या प्रश्नाच्या मध्यभागी होती.

या खोऱ्यातील नागरी समाज एकसंध नव्हता, हे सांगणे आवश्यक आहे. गुजरातमधील आर्च-वाहिनी या संस्थेने पुनर्वसनाच्या हक्कासाठी दीर्घ लढा दिला आणि गुजरात सरकारने सुधारित धोरण स्वीकारल्यावर अंमलबजावणीत सहकार्य करण्याचा मार्ग धरला. नर्मदा बचाओ आंदोलन मात्र प्रकल्पाच्या विरोधापर्यंत गेले. दोन्ही संघटना विस्थापितांमध्येच काम करीत होत्या, आणि दोघींचेही बँकेशी संबंध होते. तेव्हा ‘नागरी समाजाचे मत’ असे एकवचनात बोलणाऱ्याने या खोऱ्याचा अनुभव आधी तपासावा.

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीसमोर या प्रकल्पावर सुनावणी झाली आणि मेधा पाटकर यांनी तेथे साक्ष दिली. येथे एका विसंगतीची नोंद घ्यावयास हवी. मणिबेलीच्या आदिवासीचे म्हणणे वॉशिंग्टनमधील बँकेच्या कार्यालयात पोहोचण्यासाठी ते प्रथम बँकेच्या सर्वांत मोठ्या भागधारक देशाच्या संसदेत पोहोचावे लागले. वजन पडले ते तक्रारीच्या खरेपणाचे नव्हे, निधी देणाऱ्या देशाच्या नाराजीचे. १९९१ मध्ये बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पुनर्विलोकन आयोग नेमला; स्वतःच्या प्रकल्पाची अशी बाहेरच्यांकडून तपासणी बँक प्रथमच करून घेत होती. जून १९९२ च्या अहवालात आयोगाने बँकेने मागे सरून प्रकल्पाचा नव्याने विचार करावा असे सुचविले. पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या बाबतीत बँकेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत, हा त्यातील सर्वांत गंभीर निष्कर्ष होता. बँकेच्या संचालक मंडळाने तरीही ऑक्टोबरमध्ये काही अटींवर साहाय्य चालू ठेवले. अखेर ३० मार्च १९९३ रोजी भारत सरकारने उर्वरित सुमारे १७ कोटी डॉलरची रक्कम न घेण्याचा निर्णय कळविला.

धरण थांबले नाही. देशांतर्गत निधीतून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या निकालानंतर ते बांधले गेले व २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. बँकेने हात काढून घेतल्याने विस्थापितांच्या पदरात काय पडले, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. बाहेरची देखरेख संपली, एवढे मात्र निश्चित.

निरीक्षण मंडळ : हक्क आणि त्याच्या कडा

बँकेच्या बाजूने मात्र एक कायमस्वरूपी बदल झाला. सप्टेंबर १९९३ मध्ये संचालक मंडळाच्या ठरावाने तीन सदस्यांचे निरीक्षण मंडळ स्थापन झाले. प्रकल्पक्षेत्रातील समान हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती या मंडळाकडे थेट अर्ज करू शकतात. बँकेने आपली धोरणे पाळली नाहीत आणि त्यामुळे आपले नुकसान झाले किंवा होऊ शकते, एवढे त्यांनी दाखवावयाचे. त्यांना कोणाचा दर्जा लागत नाही, स्वतःच्या सरकारची परवानगीही लागत नाही. राष्ट्रांनी स्थापन केलेल्या संस्थेत सामान्य नागरिकाला अशी जागा मिळणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

त्याच्या कडाही पाहिल्या पाहिजेत. मंडळ बँकेच्या वर्तनाची चौकशी करते, कर्जदार सरकारच्या नव्हे. ते नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकत नाही. चौकशी करावी की नाही याचा निर्णयही संचालक मंडळाचा असतो. पहिली तक्रार नेपाळच्या अरुण जलविद्युत प्रकल्पाची होती आणि १९९५ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली. भारतातून आलेल्या सिंगरौली औष्णिक प्रकल्पाच्या १९९७ च्या तक्रारीत मात्र प्रत्यक्ष स्थळावर जाऊन चौकशी करण्यास मान्यता मिळाली नाही; मंडळाला वॉशिंग्टनमध्ये बसून कागदपत्रांचा अभ्यास करावा लागला. कर्जदार देशांचा आक्षेप असा की, बँकेची चौकशी म्हणून सुरू झालेले काम गावात पोहोचताच सरकारची चौकशी ठरते. हा आक्षेप पोकळ नाही. पुनर्वसन अधिकारी राज्य सरकारचा असतो, जमीनही राज्याची असते, आणि दोष कोठे संपतो व कोठे सुरू होतो हे वेगळे करणे कठीण असते. १९९९ मध्ये संचालक मंडळाने नियम अधिक स्पष्ट केल्यावर चौकशीचा मार्ग काहीसा मोकळा झाला.

मुंबईचा अनुभव

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला बँकेने २००२ मध्ये साहाय्य दिले. लोहमार्ग आणि जोडरस्ते यांसाठी सुमारे १ लाख २० हजार लोकांचे पुनर्वसन करावयाचे होते. रुळांलगतच्या झोपडीवासीयांची गणना, त्यांच्या गृहनिर्माण संस्था बांधणे, त्यांना नव्या इमारतींत नेणे ही कामे मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी संस्थांकडे सोपविण्यात आली. देशभर याचा आदर्श सहकार्य म्हणून गौरव झाला, आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. बळाचा वापर न होता हजारो कुटुंबे स्थलांतरित झाली.

२००४ मध्ये निरीक्षण मंडळाकडे या प्रकल्पाविरुद्ध चार अर्ज आले. अर्जदारांमध्ये जोडरस्त्यांच्या आखणीत येणाऱ्या दुकानदारांच्या स्थानिक संघटना होत्या. त्यांचे म्हणणे असे की, दुकान कितीही मोठे असो, पर्यायी जागा २२५ चौरस फुटांच्या मापानेच दिली जाते; ती गिऱ्हाइकापासून दूर असते; माहिती मिळत नाही आणि गाऱ्हाणे ऐकले जात नाही. डिसेंबर २००५ च्या अहवालात मंडळाने यातील बऱ्याच बाबी मान्य केल्या. मध्यम उत्पन्नाच्या दुकानदारांची वेगळी परिस्थिती लक्षात घेतली गेली नव्हती, आणि एवढे अवाढव्य काम पुरेशी क्षमता नसलेल्या स्वयंसेवी संस्थांवर टाकण्यात आले होते, असा निष्कर्ष निघाला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचे वितरण स्थगित केले; सुधारणांचे आश्वासन मिळाल्यावर जूनअखेर ती स्थगिती उठली.

या प्रकरणात स्वयंसेवी संस्था अंमलबजावणीच्या बाजूला होत्या आणि तक्रारदार सामान्य व्यापारी होते. गरिबांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली संघटना जेव्हा सरकारचे काम करू लागते, तेव्हा तिच्याविरुद्धचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे? मुंबईतील दुकानदारांना त्याचे उत्तर सापडले, कारण एक दार असे होते की ज्यासाठी त्यांना कोणाची मध्यस्थी लागत नव्हती.

न्यायालयाच्या पायरीपर्यंत

बँकसमूहातील खासगी क्षेत्राला कर्ज देणारा वित्त महामंडळ हा घटक निरीक्षण मंडळाच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र लोकपाल कार्यालय आहे. कच्छमधील मुंद्रा येथील औष्णिक प्रकल्पाविरुद्ध मच्छीमारांच्या संघटनेने २०११ मध्ये या कार्यालयाकडे तक्रार केली. कार्यालयाने महामंडळाच्या त्रुटी दाखविल्या. पण त्या निष्कर्षांतून पुरेशी कृती होत नाही असे दिसल्यावर मच्छीमार अमेरिकी न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने निर्णय दिला की, अशा आंतरराष्ट्रीय संघटनांना संपूर्ण अभय नाही. मूळ दावा मात्र पुढे खालच्या न्यायालयांत टिकला नाही, कारण दाव्याचे मर्म असलेले वर्तन अमेरिकेत घडले नव्हते असे ठरले. तत्त्व जिंकले, आणि भरपाई मात्र मिळाली नाही.

जागतिक बँकेने २०२० मध्ये निरीक्षण मंडळासोबत तंटा सोडविण्याची स्वतंत्र सेवा जोडली आणि प्रकल्पाचे साहाय्य संपल्यानंतर पंधरा महिन्यांपर्यंत अर्ज करण्याची सवलत दिली. ही मुदत अजूनही तोकडी वाटते. पाणी चढण्यास किंवा किनाऱ्यावरील मासळी कमी होण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

दरम्यान भारताला कर्ज देणाऱ्या संस्थाही बदलत आहेत. बीजिंगस्थित आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत भारत हा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी याच बँकेने २०१९ मध्ये ५० कोटी डॉलर मंजूर केले. तिची प्रकल्पबाधितांसाठीची तक्रार यंत्रणा त्याच वर्षी मार्चअखेर कार्यान्वित झाली. तेथेही अर्ज दोन किंवा अधिक बाधित व्यक्तींचा लागतो. मात्र त्याआधी प्रकल्पस्तरावर आणि बँकेच्या व्यवस्थापनाकडे दाद मागून पाहिल्याचे अर्जदाराला दाखवावे लागते. रुळांलगत राहणाऱ्या माणसाने प्रथम कोणत्या कार्यालयात, कोणत्या भाषेत आणि कोणत्या कागदासह जावे, हे त्याला सांगण्याचे काम अद्याप स्थानिक संघटनांनाच करावयाचे आहे.