पडद्यावरील चेंडू

मुलांनो, कॅरमच्या सोंगट्या एकमेकींवर आदळून कशा विखुरतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. पूल हा खेळही असाच आहे. त्यात काठीने चेंडू टोलवून इतर चेंडू टेबलाच्या कडेच्या ६ भोकांत घालावयाचे असतात.

सन १९५४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विल्यम ब्राउन व टेड लुईस यांनी हा खेळ मिडसॅक नावाच्या संगणकावर उतरविला. पडदा अवघा १३ इंचांचा! खऱ्या टेबलावर चेंडूला वाट दाखवितो तो निसर्ग. यंत्राला मात्र चेंडू म्हणजे काय, हेच ठाऊक नसते. टक्कर कोठे झाली आणि त्यानंतर कोणता चेंडू कोणत्या दिशेने, किती वेगाने निघाला, हे सारे त्याला गणितानेच काढावे लागते. मिडसॅक हा हिशेब करून सेकंदाला ४० वेळा चित्र बदलीत असे. म्हणूनच पाहणाऱ्यास चेंडू धावताना दिसत. हिशेब मंदावता, तर तेच चेंडू अडखळत चालले असते.

पुढे १९८६ मध्ये जपानच्या डेटा ईस्ट कंपनीने नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी ‘साइड पॉकेट’ हा असाच खेळ काढला. खेळणाऱ्यास त्यात चेंडूच दिसत. परंतु त्या चेंडूंना धावविणारे गणित पडद्याआडच राही.